उजनीकाठची वेबसाइट, वर्षाला हजाराच्या आत

वेबसाइट करायचं ठरलं तेव्हा संगणकाआधी मी वही उघडली. डाव्या रकान्यात एकदाच होणारा खर्च, उजव्यात दरवर्षी होणारा. बी.के. म्हणजे बुककीपिंग शिकवणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार? अकरावी-बारावीच्या मुलांकडून मी वर्षानुवर्षं हेच घोकून घेत आले आहे, की भांडवली खर्च एकदा टोचतो आणि विसरला जातो, महसुली खर्च मात्र दरवर्षी दारात येऊन उभा राहतो. वेबसाइटच्या जाहिराती डाव्या रकान्याविषयी भरभरून बोलतात. उजव्याची गोष्ट खाली, बारीक अक्षरांत असते.

फोटो माझे उजनीच्या बॅकवॉटरचे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि भिगवणच्या बाजूची गावं, मळे, देवळं पाण्यात गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी फारच उतरलं की अजून बाहेर येतं, तेव्हा सगळा तालुका ते बघायला जातो. हिवाळा सरताना डिकसळ आणि कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित उतरतात. पुण्याहून शनिवार-रविवारी ज्या गाड्या येतात त्या त्यांच्यासाठी. त्यांना सगळे फ्लेमिंगोच म्हणतात, आणि होडीवालेही आता तेच म्हणतात. मी मात्र चित्रबलाक, नदी सुरय, राखी बगळे, पहाटे जाळी काढणारे कोळी आणि भिगवणच्या बाजारात तराजूवर चढणारी चिलापी, सगळंच टिपत आले. कॅमेरा सेकंडहँड, लेन्स सेकंडहँड. फोटो फोनवरून मैत्रिणींना जायचे, मैत्रिणींकडून त्यांच्या गटांत जायचे आणि तिथून पुढे कुठे जायचे ते देव जाणे.

एका वर्षी ते कुठे जातात हे कळलं. एका संस्थेच्या कॅलेंडरवर माझे रोहित उडताना दिसले. नाव कुणाचंच नाही, पंखांच्या कडा फुटलेल्या. विचारलं तर उत्तर आलं, ‘‘मॅडम, व्हॉट्सॲपवर आला होता.’’ जणू व्हॉट्सॲपच पहाटे चार वाजता उठून चिखलात बसलं होतं! १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र काढणारी व्यक्तीच त्याची कर्ती असते, त्यासाठी नोंदणीही करावी लागत नाही. पण फाइलच्या पोटात आपण नाव लिहिलेलं असलं तरी व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवताना ते गळून पडतं. भांडत बसण्यापेक्षा फोटो माझ्या नावानं आधीपासून दिसतील अशी एक जागा असावी, असं मनानं घेतलं.

फेसबुक होतंच की, फुकट. पण पिकासा मला आठवत होतं. सहकाऱ्यांच्या सहलींचे कितीतरी अल्बम तिथे होते, आणि गूगलनं २०१६ मध्ये ते बंद केलं. फ्लिकरनं २०१८ मध्ये जाहीर केलं की फुकट खात्यावर आता १,००० च फोटो राहतील. त्यांची सेवा, त्यांचा हक्क, तक्रार करायला जागा नाही. माझ्या वहीत मात्र एक अट वाढली. जागा कुणाचीही असली तरी पत्ता माझ्या नावाचा हवा आणि मूळ सामान माझ्या घरी हवं. भाडेकरूनं एवढी काळजी घेतली की घरमालक बदलला तरी बिऱ्हाड मोडत नाही.

मग चौकशी सुरू झाली. तालुक्याच्या गावी वेबसाइट करून देणाऱ्यानं ₹२५,००० सांगितले आणि वर ‘मेंटेनन्स’ वेगळा. रक्कम वाजवी असेलही, पण एक फोटो बदलायचा तरी त्याला फोन करावा लागणार होता. स्मगमग, स्क्वेअरस्पेस या परदेशी सेवा फारच देखण्या. फोटो टाका, साइट तयार. पण भाडं डॉलरमध्ये आणि ते थांबलं की साइटही थांबली. लाइटरूमची वर्गणी भरणाऱ्यांना ॲडोबी पोर्टफोलिओ त्यातच मिळतं, त्यावर पाच साइट करता येतात. ज्यांची वर्गणी आधीच चालू आहे त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल, तोच रस्ता सोपा. मी फोटो डार्कटेबल या फुकट सॉफ्टवेअरवर धुते, त्यामुळे तो रस्ता माझा नव्हता. वर्डप्रेस ही तर दोन वेगळी प्रकरणं निघाली. डॉट कॉम म्हणजे त्यांच्याच जागेवर चालणारी सेवा, डॉट ऑर्ग म्हणजे फुकट सॉफ्टवेअर, ज्यासाठी होस्टिंग आपण विकत घ्यायचं आणि त्याचे अपडेट आपणच सांभाळायचे. वेळेत अपडेट न केलेल्या वर्डप्रेसमध्ये बाहेरचे लोक शिरतात हे वाचलं आणि तिथेच फुली मारली. पेपर तपासणीच्या दिवसांत मी प्लगइन अपडेट करत बसणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखते.

हिंजवडीत नोकरी करणारा भाचा म्हणाला, ‘‘मावशी, रिॲक्टमध्ये करू. डेटाबेस लावू, लॉगिन ठेवू.’’

‘‘लॉगिन कुणासाठी रे?’’

त्यावर तो जरा थांबला. मग म्हणाला, ‘‘खरं तर तुला नुसती स्टॅटिक साइट पुरेल.’’

हे त्यानं आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. स्टॅटिक साइट म्हणजे तयार पानांचा आणि फोटोंचा एक फोल्डर. कुणी पत्ता टाकला की सर्व्हर त्यातलं पान उचलून देतो, बाकी काही करत नाही. डेटाबेस नाही, साइटवर चालणारं सॉफ्टवेअर नाही, म्हणून अपडेट नाहीत आणि चोरवाटाही फारशा नाहीत. असा फोल्डर ठेवायला गिटहब पेजेस फुकट जागा देतं. मर्यादा आहेत: साइट १ जीबीच्या आत, महिन्याला साधारण १०० जीबीपर्यंत डेटा, फुकट खात्यात फोल्डर सगळ्यांना उघडा आणि तिथे दुकान मांडायचं नाही. मला दुकान मांडायचं नव्हतंच. गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टचं आहे, उद्या तेही धोरण बदलतील. बदलू देत. फोल्डर उचलायचा, दुसरीकडे ठेवायचा. पत्ता तोच.

पत्त्यासाठी मात्र पैसे मोजले आणि ते खुशीनं मोजले. डॉट इन नाव घेताना पहिल्या वर्षाची किंमत बघूच नये, ती आमिष असते. दुसऱ्या वर्षापासूनची, म्हणजे नूतनीकरणाची किंमत शोधावी. ती हजाराच्या आत असणारी कंपनी निवडली. सोबत होस्टिंग घ्या, ईमेल घ्या, सुरक्षेचं प्रमाणपत्र घ्या असे आग्रह होत राहिले. प्रमाणपत्र गिटहब फुकट देतं. सगळ्या खुणा काढून टाकल्या आणि नाव तेवढं घेतलं, माझ्या ईमेलवर, माझ्या नावावर. हे मुद्दाम सांगते, कारण नाव वेबसाइट करून देणाऱ्याच्या खात्यावर आणि मालक विनंत्या करत फिरतोय अशी उदाहरणं आमच्या गावातल्याच दुकानदारांची आहेत.

आता पानं कोण बनवणार? मला एचटीएमएल येत नाही. इथे डिजिकॅम उपयोगी पडलं. फोटो लावून ठेवण्याचं हे फुकट सॉफ्टवेअर आहे आणि त्यात निवडलेल्या अल्बमची एचटीएमएल गॅलरी करून देण्याची सोय आहे. अल्बम निवडा, तयार रूपांतलं एक पसंत करा, फोटोंचा आकार सांगा. शेवटी एक फोल्डर हाती येतो, पानं, लघुचित्रं सगळं आत. रूप जुनाट वाटतं, भाच्यानं तर नाकच मुरडलं. पण मागची जमीन करडी केल्यावर फोटो उठून दिसले आणि बघायचे तर फोटोच होते ना?

आकाराचा हिशेब मात्र मी मन लावून केला. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० गुणिले ४००० ठिपक्यांचा, फाइल दहा एमबीच्या घरात. असे साठ फोटो म्हणजे ६०० एमबी. १ जीबीत बसतील, पण कुंभारगावच्या काठावर उभं राहून, नेटवर्कची एक कांडी असताना ते कोण उघडणार? लांब बाजू १६०० ठिपके ठेवली, जेपेगची गुणवत्ता ८० वर आणली, तर एक फोटो चारशे केबीच्या आसपास येतो. साठ फोटो, सुमारे २४ एमबी. मोबाइलवर फरक कळत नाही. शिवाय छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर १६०० ठिपके म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच. भिंतीवरचं कॅलेंडर त्यातून चांगलं निघत नाही. छापणारे तरीही छापतील, पंखांच्या कडा फुटल्या तरी त्यांना चालतं हे मी पाहिलं आहे. निदान चांगली प्रत तरी माझ्याचकडे आहे.

रंगाची एक गोष्ट रोहितांनीच शिकवली. त्यांच्या पंखाखालचा गुलाबी माझ्या पडद्यावर लखलखीत आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर आजारी दिसायचा. कारण फाइल ॲडोबी आरजीबी या रंगपट्ट्यात होती, आणि बरेचसे पडदे नि ॲप अजूनही एसआरजीबी धरून चालतात. एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये आणलेलं ते प्रमाण. फाइल बाहेर काढताना एसआरजीबी निवडलं की प्रश्न मिटतो. बगळ्यांना या भानगडीचा काही त्रास नसतो.

मोबाइलवर काढलेल्या फोटोंत अक्षांश-रेखांश लपलेले असतात, ते मी एकूणएक काढले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात, उघड्या वाळूवर. घरट्याजवळ होडी लागली की आई-बाप उडतात, अंडी उन्हात पडतात. ती जागा माझ्या वेबसाइटवरून कुणाला सापडू नये. विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ही माहिती पुसता येते, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. सगळी पुसायची नाही, कर्त्याचं नाव राहू द्यायचं. आणि घरट्यांचे जवळून काढलेले फोटो मी साइटवर ठेवलेच नाहीत. त्यावरून एक-दोन छायाचित्रकार मित्र नाराज आहेत. असोत.

फोल्डर चढवणं सोपं आहे, ब्राउझरमध्ये ओढून सोडायचा. एका खेपेला शंभर फाइली, म्हणून अल्बम-अल्बम करत चढवले. मुख्य पानाचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल असावं लागतं आणि ते सगळ्यात बाहेर असावं लागतं. एक गोष्ट नवख्यांना छळते. घरच्या संगणकावर दिसणारा फोटो साइटवर दिसत नाही, चौकट रिकामी. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरक चालतो, तिथल्या सर्व्हरला चालत नाही. कॅमेरा फाइलीच्या शेवटी जेपीजी कॅपिटलमध्ये लिहितो आणि पानात ते स्मॉलमध्ये असलं तर त्या दोन वेगळ्या फाइली ठरतात. सगळी नावं स्मॉलमध्ये, मध्ये मोकळी जागा नाही, एवढा नियम पाळला की झालं. नाव आणि जागा जोडायला डोमेनच्या खात्यात ए रेकॉर्डचे चार आकडे भरावे लागतात, ते गिटहबच्या मदतपानावर दिलेले आहेत, बघून लिहायचे. ते लागू व्हायला कधी दिवसभर लागतो. त्या काळात दर पाच मिनिटांनी पान उघडून बघायचं नसतं, हे भाच्यानं दोनदा सांगितलं.

एवढं झालं आणि वाटलं, संपलं. खरं काम मात्र फोटोंखालच्या ओळी लिहिण्याचं निघालं. माझ्या जुन्या नोंदी श्रीलिपीत टाइप केलेल्या. तो फाँट नसलेल्या यंत्रावर त्या अगम्य चिन्हांच्या रांगा दिसतात, म्हणजे साइटवर निरुपयोगी. युनिकोडमध्ये सगळं पुन्हा लिहायचं तर मी फोनवर बोलून मजकूर घेतला आणि नंतर दुरुस्त केला. ‘चित्रबलाक’ बोललं की फोन काय काय ऐकतो, त्याचा एक वेगळा लेख होईल. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ शेजारी ठेवून नावं तपासली. प्रत्येक फोटोखाली पक्षी, गाव, महिना आणि जिथे माणसं आहेत तिथे ती काय करतायत ते. पक्ष्यांच्या ओळी भराभर झाल्या. कोळ्यांच्या फोटोंवर मी अडले. हे जाळं कोणतं, मोसम कोणता, या डब्यात काय, मला कुठे सगळं माहीत होतं? नुसतं ‘उजनीवरील पहाट’ लिहून सुटता आलं असतं. तसं लिहिलेले फोटो जगात उदंड आहेत.

म्हणून डिकसळला ज्यांच्या होडीत मी नेहमी बसते त्या दादांना फोनवर पान उघडून दाखवलं. त्यांनी अंगठ्यानं सरासरा रोहित मागे टाकले.

‘‘ताई, हे कळलं. आमची जाळी कुठंय?’’

जाळी पाचव्या अल्बमात होती. ती त्यांनी एकेक करून पाहिली, दोन ठिकाणी माझी ओळ चुकीची आहे म्हणाले आणि बरोबर काय ते सांगितलं. मग म्हणाले, ‘‘ही आधी घ्या. पक्षी चार म्हयनं असत्यात. आम्ही बारा म्हयनं हाय.’’

भाच्याचं मत उलटं आहे. लोक फ्लेमिंगो शोधत येतात, पहिल्या पानावर फ्लेमिंगो नसतील तर गूगल विचारणार नाही, असं तो म्हणतो. सध्या पहिल्या पानावर जाळी आहेत. दादांनी त्याखाली त्यांचा मोबाइल नंबरही घालायला सांगितला आहे. तो घातला तर गिटहबच्या दृष्टीनं ते दुकान होतं का, हे मी भाच्याला विचारून ठेवलं आहे.