बीडच्या कोरड्या हवेत पहिले प्रवाळ

घरच्या खाऱ्या टाकीत पहिले प्रवाळ कधी सोडायचे, हे टाकीच्या वयापेक्षा तिच्या एकसारखेपणावर ठरते. मासा गरम पाण्यातून थंड कोपऱ्यात सरकू शकतो. प्रवाळ जिथे चिकटवले तिथेच उष्णता, क्षार आणि उजेड सोसते. त्यामुळे तापमान, क्षारता आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) यांचे आकडे बरोबर असण्याइतकेच ते रोज तेच असणे महत्त्वाचे. बीड जिल्ह्यात हा एकसारखेपणा गोड्या पाण्याच्या जोरावर मिळवावा लागतो. समुद्राचे मीठ बादलीत विकत मिळते. शुद्ध पाणी मात्र घरीच तयार करावे लागते.

जिल्ह्याची जमीन बेसाल्टची. खडकाच्या भेगांतून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका उतरते. शेतीलगतच्या बोअरमध्ये नायट्रेटही असते. असे पाणी टाकीत गेले की प्रवाळाआधी शेवाळ माजते. म्हणून आरओनंतर उरलेले क्षार पकडणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा लागतो आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसावे लागते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे आरओ कित्येक लिटर पाणी बाहेर टाकतो. उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात त्या भागात हे पाणी मोरीत सोडून देणे शोभत नाही. ते फरशीला, भांड्यांना वापरता येते. लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशोबाने २०० लिटरच्या टाकीला सुमारे ७ किलो समुद्री मीठ लागते. ते वेगळ्या पिंपात पंप लावून विरघळवावे आणि विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६ भरल्यावरच टाकीत घ्यावे.

दगड आणि वाळू मांडल्यावर टाकी पिकू द्यावी लागते. पाण्यात थोडा अमोनिया सोडला की एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की पहिला टप्पा संपतो. पुढे दगडांवर तपकिरी थर येतो, मग हिरवट शेवाळ. गोगलगायी सोडल्या की तेही आटोक्यात येते. नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र पूर्ण शून्य नसावेत. पोषणच नसलेल्या पाण्यात प्रवाळ उपाशी राहते आणि डायनोफ्लॅजेलेटचा चिकट तपकिरी तवंग माजतो. नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम असले तर चालते.

बीडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तर प्रवाळाला २५ ते २६ अंश मानवतात. पाणी ३० अंशांपुढे टिकून राहिले की प्रवाळ आपल्या पेशींतले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. त्याचे बरेचसे अन्न याच शैवालाकडून येत असल्याने रंगाबरोबर पोटही जाते. चिलर हा खर्चिक उपाय. कोरड्या हवेत पाण्यावर वारा टाकणारा साधा पंखाही पुष्कळ काम करतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता जाते, म्हणजे २०० लिटर पाणी जवळपास तीन अंशांनी उतरवण्याइतकी. खोलीची उष्णता आत येतच राहते, म्हणून प्रत्यक्ष उतार त्याहून कमी. वाफ जाते, मीठ मागे राहते. २०० लिटरच्या टाकीतून ४ लिटर पाणी उडाले की क्षारता ३५ वरून ३५.७ होते. ही तूट शुद्ध गोड्या पाण्यानेच, थोडी थोडी आणि रोज भरून काढावी लागते. विजेचे बिल वाचते तेव्हा पाण्याचे वाढते, हा सौदा आधीच समजून घेतलेला बरा. वीज गेली तर पाणी हलवणारा पंप इन्व्हर्टरवर चालला पाहिजे, कारण दिव्याविना प्रवाळ एखादा दिवस काढते, थांबलेल्या पाण्यात तेवढा काढत नाही.

यावरून मोसमही ठरतो. गणपतीच्या सुमारास टाकी भरली तर दिवाळीनंतर पहिले प्रवाळ सोडता येते आणि उन्हाळ्याआधी त्याला तीन-चार महिने मिळतात. थंडीच्या रात्रींसाठी हीटर लागतो, पण थंडी आवरणे उष्मा आवरण्यापेक्षा सोपे.

निवडीत कायदा आधी येतो. कठीण सांगाड्याची सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे, ऑर्गन पाइप, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली स्थान मिळाले. मालवणच्या किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणणे हा त्यामुळे गुन्हा ठरतो. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळे २०२० मध्ये हलवली, तेव्हा महापालिकेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. घरच्या टाकीसाठी मशरूम, झोआ आणि लेदर ही मऊ प्रवाळे घ्यावीत. ती या संरक्षित गटांत मोडत नाहीत आणि नवख्या पाण्याला तीच जास्त सोसतात. टाकीत वाढवून कापलेला तुकडा, म्हणजे फ्रॅग, पावतीसह घ्यावा.

पुण्या-मुंबईहून प्रवाळाची पिशवी येईपर्यंत पाणी तापलेले असते, म्हणून थर्माकोलची पेटी आणि रात्रीचा प्रवास सोयीचा. घरी आल्यावर पिशवी बंदच ठेवून वीस-तीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगू द्यावी, मग तुकडा वेगळ्या भांड्यात कोरल डिपने, म्हणजे किडी काढणाऱ्या द्रावणाने, धुवावा. डिपमुळे किडी गळून पडतात, पण त्यांची अंडी मरत नाहीत. ती चिमट्याने खरवडावी लागतात किंवा तुकड्याचा तळ बदलावा लागतो. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. झोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असू शकते. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावे, आणि झोआ असलेला दगड कधीही उकळू नये.

सुरुवातीला तुकडा तळाशी, सौम्य प्रवाहात ठेवावा. दिवे निम्म्या जोरावर ठेवून तीन-चार आठवड्यांत चढवावेत. मशरूम आक्रसून वर ओढले गेले तर उजेड जास्त, देठ लांबवून पसरले तर कमी. लेदर काही दिवस मिटून, मेणचट कात टाकून पुन्हा उमलते. तो आजार समजून त्याची जागा बदलणे हीच नवख्यांची नेहमीची चूक. दुसरे प्रवाळ पहिल्यानंतर महिनाभराने आणावे. तेवढ्या काळात पहिल्याच्या तळाशी नवे कोंब दिसले, तर टाकी तयार झाली असे मानावे.