पद्मिनीचा कॅमशाफ्ट

जुनी पद्मिनी हौसेनं बाळगणारी मुलं उस्मानपुऱ्यातल्या माझ्या गॅरेजात येतात आणि म्हणतात, “काका, रेसचा कॅम टाका.” मी आधी टॅपेट कव्हर उघडतो. पुशरॉडवर डायल गेज टेकवून इंजिन हाताने फिरवतो आणि आठही लोबची उचल लिहून काढतो. लोब झिजला की वॉल्व्ह पुरता उघडत नाही, हवा-पेट्रोल कमी जातं, आणि मालकाला वाटतं गाडी थकली. पुष्कळदा मूळ मापाचा चांगला कॅम आणि नेमकं टायमिंग एवढ्यावरच मालक खूश होतो.

हे 1089 सीसीचं इंजिन मुळात फियाट 1100 चं. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरणारा. इटलीत फियाटनेच 1953 मध्ये 1100 ची ‘टीव्ही’ ही वेगवान आवृत्ती काढली, तेव्हा कॉम्प्रेशन वाढवलं आणि कार्बोरेटरही बदलला. कारखान्याला जे एकट्या कॅमवर जमवायचं नव्हतं, ते आपण का मागावं?

वॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम वरच्या आरपीएमला खुलतो. खाली मात्र ओढ जाते, कारण पिस्टन वर निघाला तरी इनटेक वॉल्व्ह उघडाच असतो आणि आत आलेलं मिश्रण मागे ढकललं जातं. घरच्यांना घेऊन दौलताबादहून खुलताबादचा घाट चढणाऱ्याला असला कॅम मी देत नाही.

जुनाच कॅम ग्राइंड करून उचल वाढवता येते. त्यासाठी लोबचा मूळ गोल भाग लहान करावा लागतो, मग रॉकरची सेटिंग त्या हिशेबाने घ्यायची. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे मायक्रॉन कळणारे हात या शहरात आहेत, हे आम्हा जुन्या गाडीवाल्यांचं भाग्य. ग्राइंडिंग झालं की स्प्रिंग पूर्ण दबून गुंडाळी गुंडाळीला भिडत नाही ना, वॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना, हे मी पाहतोच.

कॅमबरोबर टॅपेटही नवेच. जुने टॅपेट जुन्या लोबशी जुळून झिजलेले असतात, ते नवा लोब खाऊन टाकतात. लोबना मॉलिब्डेनमची पेस्ट, झिंक असलेलं तेल, आणि पहिल्या स्टार्टला आयडलवर अजिबात ठेवायचं नाही: वीसेक मिनिटं 2000 आरपीएमच्या आसपास, म्हणजे क्रँकचं उडणारं तेल लोबवर पोचतं. मग तेल काढून फिल्टर बदलायचा, इंजिन गार होऊ द्यायचं, आणि फिलर गेज घेऊन टॅपेट पुन्हा पहिल्यापासून सेट करायचे.