काखेतील शस्त्रक्रियेनंतरचा हात

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचे नाव स्तनाशी जोडलेले असले, तरी रुग्ण स्त्रीचा हात पुढे कसा राहील हे बऱ्याच अंशी काखेत काय घडले त्यावर ठरते. ऊतींमध्ये झिरपलेले प्रथिनयुक्त पाणी, म्हणजे लसीका, गाळून रक्ताकडे परत पाठवणाऱ्या वाटाण्याएवढ्या लसीकाग्रंथी काखेत साधारण २० ते ४० असतात आणि कर्करोग स्तनाबाहेर पडताना बहुधा प्रथम तेथेच पोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तन आणि ग्रंथी यांबरोबर छातीचे स्नायूही काढले जात. आज स्नायू राखले जातात आणि काखेत रोग पोचला नसल्यास मोजक्याच ग्रंथी तपासून थांबता येते. मात्र गाठ वाढल्यावर रुग्णालय गाठणाऱ्या स्त्रियांची संख्या आपल्याकडे मोठी असल्याने काखेची पूर्ण सफाई अजूनही वारंवार करावी लागते.

अशा स्त्रीला घरी मिळणारा पहिला सल्ला ‘हात हलवू नकोस’ हा असतो. तो मायेपोटी दिलेला असला, तरी अपायकारक आहे. टाके ताणतील या भीतीने हात छातीशी धरून ठेवला, की खांदा पुढे झुकतो, व्रण आखडतो आणि काही आठवड्यांत केसांची वेणी घालणेही अवघड होते. म्हणून मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे आणि दीर्घ श्वसन हे व्यायाम शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासूनच सुरू केले जातात. जखमेतील स्राव बाहेर नेणारी नळी निघेपर्यंत हात खांद्याच्या उंचीपर्यंतच उचलला जातो आणि त्यानंतर शल्यचिकित्सकाच्या संमतीने भिंतीवर बोटे चढवत नेणे किंवा दोन्ही हातांत काठी धरून ती डोक्यावर नेणे असे व्यायाम येतात. याची निकड आणखी एका कारणाने असते: किरणोपचाराच्या वेळी हात डोक्याच्या बाजूला वर धरून स्थिर पडून राहावे लागते आणि खांदा आखडला असेल तर ते उपचारच लांबण्याची शक्यता असते. खांद्याच्या तक्रारींचा धोका अधिक असलेल्या ३९२ स्त्रियांवर इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉस्पर’ चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांनी सुरू केलेल्या मार्गदर्शित व्यायामाने वर्षअखेरीस हाताचे काम अधिक चांगले राहिल्याचे आढळले. काही स्त्रियांच्या काखेपासून कोपराकडे कातडीखाली ताणलेल्या दोरीसारखी शीर दिसू लागते आणि घरचे लोक रोग उलटला म्हणून धास्तावतात. प्रत्यक्षात तो लसीकावाहिन्यांशी निगडित दोष असून हलक्या ताणाच्या व्यायामांनी बहुधा काही महिन्यांत ओसरतो.

लसीकासूज मात्र इतकी सोपी नाही. ग्रंथी काढल्यामुळे किंवा किरणोपचाराने वाट अडल्यामुळे हातात द्रव साठतो. काखेची पूर्ण सफाई झालेल्यांत सुमारे पाचांपैकी एकीला ही सूज येते, कधी काही वर्षांनीही. आरंभी बांगडी घट्ट होणे किंवा हात जड वाटणे एवढेच लक्षण असते. उपचारात त्वचेची निगा, द्रव निरोगी बाजूकडे वळवणारे हलके मर्दन, अनेक थरांची दाबपट्टी व व्यायाम यांचा एकत्र वापर होतो आणि सूज उतरल्यावर मापाची दाबबाही दिवसा वापरावी लागते.

विदर्भात या विषयाला काही वेगळे पदर आहेत. पूर्व विदर्भ हत्तीरोगाचा प्रदेश असल्याने सुजलेल्या हाताकडे त्याच नजरेने पाहिले जाण्याचा आणि खरे निदान लांबण्याचा संभव असतो. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी जोरात असते. वाळलेल्या बोंडांची टोके बोटांना ओरबाडतात आणि तेवढ्या जखमेतून जंतुसंसर्ग झाला तर सूज एका रात्रीत वाढू शकते. तरीही काम कायमचे बंद करण्याचा सल्ला टिकत नाही, कारण हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज बळावत नाही, हे अमेरिकेतील २००९ च्या अभ्यासाने दाखवले आहे; हातमोजे, साबणपाणी आणि ओरखड्यावर लगेच मलम हाच व्यवहार्य मार्ग होय. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात दाबबाही नकोशी होते, हे चिकित्सकाने गृहीतच धरावे आणि आलटून पालटून धुता येतील अशा दोन बाह्या लिहून द्याव्यात.

नागपुरातील राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, ‘मेडिकल’ म्हणून ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था येथे गडचिरोलीपासून छिंदवाड्यापर्यंतच्या स्त्रिया येतात आणि केवळ व्यायामासाठी पुन्हा एवढा प्रवास त्यांना परवडत नाही. केमोथेरपीसाठी मात्र त्यांना बहुधा दर तीन आठवड्यांनी यावेच लागते. त्याच दिवशी फिजिओथेरपिस्टची भेट ठरवली, तर वेगळा खर्च पडत नाही. घरातील कोणा स्त्रीची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर शस्त्रक्रियेआधीच तिच्या दोन्ही हातांचा घेर टेपने मोजून केसपेपरवर लिहून घेण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरावा, कारण पुढे सूज आली की नाही हे त्या आकड्यांशी ताडूनच सांगता येते.