एक रुपया किमतीची होडी



सुरतेतल्या मराठी माणसांच्या आठवणी इथे बरेच दिवस वाचतोय. कुणी मिलच्या लिहिल्या, कुणी गणपतीच्या. मी एका जुन्या फायबरच्या होडीची गोष्ट लिहितो. वय ७५, बी.कॉम., बँकेत ३७ वर्षं नोकरी. तेव्हा मध्येमध्ये आकडे येतील, सांभाळून घ्या.

मी मूळचा अमळनेर तालुक्यातला. १९७३ साली नोकरी लागली आणि भुसावळ-सुरत गाडीने इकडे आलो. तापी मुलताईला उगम पावते, खानदेशातून येते, उकाईला अडते आणि सुरतेवरून डुमसजवळ समुद्राला मिळते. सगळी मिळून ७२४ किलोमीटर. म्हणून आम्हा खानदेशी लोकांना सुरत कधी परगाव वाटलं नाही. नदी तीच, आपण फक्त तिच्या खालच्या अंगाला येऊन राहिलो, एवढंच.

१९८८ मध्ये मी किनाऱ्याकडच्या एका शाखेत फिल्ड ऑफिसर होतो. मच्छीमारांची कर्जं माझ्याकडे असायची. तोपर्यंत बहुतेकांच्या होड्या लाकडी. सुरत हे मुळात सागवानी जहाजं बांधणाऱ्यांचं शहर. १७३६ साली लवजी वाडिया इथूनच मुंबईला गेले आणि तिथल्या गोदीत त्यांच्या पिढ्यांनी जहाजं बांधली. पण लाकडाला समुद्रातला किडा पोखरतो, दरवर्षी फटी भरा, तेल लावा, डांबर लावा. फायबरला ते काही नाही, शिवाय वजनाला हलकी. एका तरुण मच्छीमाराने १८ फुटी फायबर होडीसाठी अर्ज केला. जामीनदार कच्चा होता, पण माणूस पक्का वाटला. मी शिफारस केली. त्याने एकही हप्ता चुकवला नाही, मुदतीआधी खातं बंद केलं. माझ्या लेखी विषय संपला.

मग आली २००६ ची रेल. इथे पुराला रेल म्हणतात, जुन्या सुरतींना ठाऊक असेल. उकाईतून जवळजवळ ९ लाख क्युसेक पाणी सुटलं. ७ ऑगस्टपासून शहरात पाणी शिरायला लागलं. आम्ही अडाजणला. तळमजला बुडाला, आम्ही सगळे वर शेजाऱ्यांकडे. वीज नाही, फोन नाही, प्यायला पाणी नाही. माझी आई तेव्हा ८१ वर्षांची, दम्याची रुग्ण. तिसऱ्या दिवशी तिला धाप लागली ती थांबेना. गच्चीवरून ओरडून ओरडून घसे बसले.

दुपारी गल्लीतून एक होडी आली. दुधाच्या पिशव्या वाटत होती. वल्हं धरलेल्या माणसाने वर पाहिलं आणि म्हणाला, “बँकवाळा साहेब?” तोच तो. होडीही तीच. डुमसकडून टेम्पोत घालून पाण्याच्या कडेपर्यंत आणली होती. आईला चादरीच्या झोळीतून खाली उतरवलं आणि कोरड्या भागातल्या दवाखान्यात नेलं. मी खिशातल्या ओल्या नोटा पुढे केल्या. तो म्हणाला, “साहेब, लोन तो क्यारनी भराई गई. आ हप्तो नथी.”

आई त्यानंतर पाच वर्षं जगली.

२०१९ मध्ये तो गेला. मी भेटायला गेलो तेव्हा होडी बाभळीखाली पालथी पडली होती. मुलाने मोठी बोट घेतली होती. तो म्हणाला, “काका, हिचं करायचं काय? भंगारवालाही नेत नाही.” खरं होतं ते. लाकडी होडी मोडली तर निदान चुलीत जाते. लोखंड किलोवर विकलं जातं. आपल्याच गुजरातेत अलंगला जगभरची जहाजं तोडायला येतात, ती त्यातल्या लोखंडासाठी. पण काचतंतू आणि रेझिन एकदा जमलं की परत वितळत नाही. जाळलं तर विषारी धूर, पुरलं तर कुजत नाही. अशी होडी किनाऱ्यावर पडून राहते. आमच्या कॉमर्सच्या भाषेत, घसारा काढून काढून वहीत फक्त नोंद राहावी म्हणून किंमत एक रुपया ठेवतात, तसं.

मी मुलाला एक रुपया दिला, कागद केला आणि होडी घेतली. सौ. म्हणाली, “ठेवणार कुठे, गॅलरीत?” आम्ही पाच निवृत्त मित्रांनी मिळून ठरवलं की हिची पुरात कामाला येणारी होडी करायची. कोविड आडवा आला. काम सुरू झालं २०२२ च्या मार्चमध्ये.

कारागीर मिळाला उधन्याचा. फायबरच्या टाक्या बनवणारा, नंदुरबारकडचा मुलगा. त्याने हातोडीने होडी सगळीकडून ठोकून पाहिली. जुने कॅशियर रुपया वाजवून खरा-खोटा ओळखायचे ना, अगदी तसं. टणक आवाज आला तिथे माल शाबूत. भद् आवाज आला तिथे आतले थर सुटलेले. तिथे तिथे खडूने गोल केले. मोजले तर अकरा. मग मला म्हणाला, “काका, हाई मरेल नई शे, फक्त मार खायेल शे.”

नवीन कुणी असं काम काढणार असेल तर शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. पहिली, वाळवणं. जुन्या फायबरमध्ये पाणी मुरलेलं असतं. ते आत ठेवून वर थर चढवला तर फोड येतात. आम्ही उन्हात दोन महिने नुसती वाळवली. पावसाळ्यात हे काम काढू नये. दुसरी, सुटलेला भाग घासून काढताना कडा उतरत्या करायच्या, जाडीच्या साधारण बारापट रुंदीपर्यंत. तरच नवा थर जुन्याला धरतो, नाहीतर ठिगळासारखा निघून येतो. तिसरी, रेझिन जमवणारी दोन रसायनं असतात, कोबाल्ट आणि हार्डनर. ती थेट एकमेकांत कधीही मिसळायची नाहीत, भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मगच दुसरं. मे महिन्यातल्या सुरतेच्या उन्हात मिश्रण डब्यातच घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं आणि सकाळी. चौथी, घासताना उडणारी काच. तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मी एक दिवस लांबून बघत होतो, तरी रात्रभर खाजवत बसलो.

मागची फळी, जिला इंजिन लागतं, ती आतून प्लायवूडची होती आणि पार कुजलेली. ती नवी घातली. मासे ठेवायचा कप्पा काढला. बाकांखाली पाणी न शोषणारा फोम भरला, म्हणजे होडी पाण्याने भरली तरी बुडणार नाही. बाहेरून चारी बाजूंनी दोर बांधला, पाण्यातल्या माणसाला धरायला. खर्च झाला ६८ हजार. पाच जणांत वाटून घेतला.

खरा प्रश्न पुढे आला. आमच्यातल्या एका मित्राचं म्हणणं, होडी वर्षभर पडून राहण्यापेक्षा सुट्टीत मुलांना नदीत फेऱ्या मारू, देखभालीचा खर्च निघेल. तिघे त्याच्या बाजूचे. मी एकटा नाही म्हणत होतो. माझं म्हणणं साधं. मासे तळाशी पडून राहतात, वजन खाली असतं. माणसं बाकावर उंच बसतात, उभी राहतात, फोटो काढायला सगळी एका बाजूला जातात. होडी तीच, पण तोल बदलतो. शिवाय मासेमारीची नोंदणी वेगळी आणि पैसे घेऊन माणसं वाहण्याची वेगळी. आम्ही वाळूच्या गोण्या भरून, त्या एका बाजूला सरकवून पाहिलं. माणसं आठ, त्यावर नाही, असं निघालं. मित्र म्हणाला, मुलं हलकी असतात, बारा बसतील. दोन महिने आमचं बोलणं बंद होतं. ३० वर्षांची मैत्री, पण बंद.

१८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. त्या रात्री मित्राचा फोन आला. बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “आठच. आणि फेऱ्या नाहीत.” मी हो म्हटलं. त्याची नात त्याच वयाची आहे. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या पैशाने दहा लाइफ जॅकेटं आणली, त्यातली चार लहान मुलांच्या मापाची.

जून २०२५ मध्ये शहरात खाड्यांना पूर आला. लिंबायतकडे मिठी खाडीचं पाणी घरांत शिरलं. तो भाग म्हणजे आपलं मिनी खानदेशच. आठ जणांनी होडी उचलून टेम्पोत घातली. गल्लीत पाणी कमरेएवढं, तिथे इंजिन चालत नाही, बांबूने ढकलत नेली. चालवायला होता त्या मच्छीमाराचा मुलगा, खास डुमसहून आला. दोन दिवसांत म्हातारी माणसं, एक बाळंतीण आणि तिचं नऊ दिवसांचं बाळ बाहेर काढलं. एका वेळी आठ, नववा नाही. एक आजोबा रांगेत उभं राहून चिडले, तर मित्रच त्यांना म्हणाला, “बाबा, दहा मिनिटं थांबा, परत येतो. सोडून जाणार नाही.” आणि गेला, आला.

आता होडी एका मित्राच्या गोडाऊनमध्ये सावलीत आहे, कारण ऊनही फायबर खातं. दर १ जूनला ठोकून बघतो, दोर बदलतो, जॅकेटं मोजतो. आमच्यातला सगळ्यात लहान ७१ चा आहे. लिंबायत-उधना भागातले चार तरुण जबाबदारी घ्यायला तयार असतील तर खाली लिहा. होडी एक रुपयातच देऊ. अट एकच, आठ.