दुसरा आणि चौथा रविवार

पांढुर्णा आणि सौंसर. ऑक्टोबर 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्या या दोन तहसिलींचा वेगळा जिल्हा झाला. कागदपत्रं हिंदीत, घरातलं बोलणं मराठीत, आणि सोयरीक पुष्कळदा सीमेपलीकडची, महाराष्ट्रातली: नरखेड, काटोल, वरूड. लग्न जुळवताना राज्याची सीमा कुणी मोजत नाही. सून लेकराला घेऊन माहेरी गेली आणि परत आली नाही, की मग ती सीमा दिसायला लागते.

*

पालक व पाल्य कायदा, 1890, कलम 9. मुलाच्या ताब्यासाठी अर्ज करायचा तो मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात. पोरगं काटोलला आजीजवळ असेल तर पांढुर्ण्याच्या बापानं पेशीला काटोलकडेच जायचं. इकडच्या निकालावरचं अपील जबलपूरला, तिकडच्याचं नागपूर खंडपीठाकडे. नवऱ्याचा दावा इकडे आणि बायकोचा तिकडे असेल, तर ते एका जागी आणायला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 खाली थेट सर्वोच्च न्यायालय गाठावं लागतं. नरखेड इथून रेल्वेनं अगदी जवळ. फाईल मात्र दिल्लीच्या परवानगीशिवाय हलत नाही.

*

«पैसे त मी देतोच, मंग पोराले काउन भेटू देत नाही?» आणि याचाच उलटा प्रकार: «भेटू देत नाही त पैसे कायले देऊ?» दोन्ही बाप चुकतात. पोटगी थकली म्हणून आईला भेट अडवता येत नाही, भेट अडली म्हणून बापाला पोटगी थांबवता येत नाही. दोन्ही गोष्टी मुलाच्या हक्काच्या आहेत. पण वकिलांनीही हे पहिल्याच बैठकीत सांगायला हवं. त्यांना ते सांगायची आठवण होते दोन-तीन महिन्यांची थकबाकी साचल्यावर.

*

ताबा गेला म्हणून बापपण जात नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात बाप नैसर्गिक पालक आहे, आणि पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईजवळ असावं असंही त्याच कलमात आहे. 1999 साली गीता हरिहरन प्रकरणात आईलाही बाप हयात असताना पालक मानण्याची वाट मोकळी झाली. ताबा एकाकडे, पालकत्व दोघांचं. निकालपत्रक पाहणं, दवाखान्यात भरती केल्याची खबर मिळणं, या गोष्टी आदेशात लिहून घेतल्या तर मुख्याध्यापकांशी हुज्जत घालावी लागत नाही.

*

2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं खालच्या कोर्टांना सांगितलं की भेटीचा आदेश मोघम नको; कधी, कुठे, कशी, हे स्पष्ट लिहा. दूर राहणाऱ्या आईबापाला रोज पाच-दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलता यावं, असंही त्यात आहे. तरी छापील साचा सुटत नाही: दुसरा आणि चौथा रविवार, उन्हाळ्याची अर्धी सुट्टी, दिवाळीची अर्धी.

अर्धी कुणाच्या सुट्टीची? मध्य प्रदेशात नवं सत्र एप्रिलमध्येच सुरू होतं, विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. सुट्टी मुलाच्या शाळेची धरायची, तारखा आकड्यांत लिहायच्या, आणि मुलाला आणायचं कुणी, पोचवायचं कुणी, हेही.

पोळ्याचं तर साच्यात नावच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे तान्हा पोळा: पोरं लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा मागत फिरतात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर, दगड हातात. त्या दिवशी पोराला इकडे पाठवायला कुठलीही आई नाही म्हणेल, आणि मला तिचं चुकतं असं वाटत नाही. पोळ्याचीच संध्याकाळ मागावी: बैलांची पूजा, पुरणपोळी, आणि अंधार पडायच्या आत पोरगं परत.

*

2023 मध्ये नागपूर खंडपीठानं म्हटलं: कोर्टाचा मनाई आदेश नसताना जन्मदात्या बापानं मूल नेलं तर तो अपहरणाचा गुन्हा होत नाही. हे इकडे फार लवकर पसरलं. पण पोराला शाळेतून परस्पर उचललं, तर ते पुढे ताब्याच्या अर्जात बापावरच उलटतं. कोर्ट मुलाचं हित बघतं, कोण आधी पळालं ते नाही.

*

आदेश मोडला तर? आधी त्याच कोर्टात अंमलबजावणीचा अर्ज, गरज पडली तर अवमान याचिका. शिवाय ताब्याचा कुठलाच आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो, हे 1973 पासून ठरलेलं आहे. दर वेळी दाराला कुलूप दिसलं तर तारीख-वेळ लिहून ठेवावी. वही असली की बोलायला आधार राहतो, नाहीतर पेशीवर नुसती आरडाओरड.

*

आणि ताब्याबाहेर नेहमी बापच असतो असंही नाही. मुलगा सासरीच ठेवून घेतला आणि सुनेला बाहेर काढलं, अशा घरांत दारापाशी उभी आई असते. तिला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खाली दंडाधिकाऱ्याकडे तात्पुरता ताबा मागता येतो. त्यासाठी जिल्ह्याच्या कोर्टात वेगळा दावा लावायची गरज नाही. हिंसाचाराचा अर्ज चालू असेल तर त्यातच हेही मागायचं.