भिंगाचें नांव

पन्नाशी उलटलेल्या माणसास नवा छंद जडला म्हणजे घरचीं माणसें प्रथम हंसतात, मग काळजी करतात, आणि शेवटीं हिशेब मागतात. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही ह्या तिन्ही अवस्थांतून गेलों. निमित्त होतें कॅमेऱ्याच्या एका भिंगाचें. आणि पहिलें भिंग आमच्याच हातून नासलेलें असल्यामुळें दोष देण्यास दुसरें कोणी नव्हतें.

आमचें बिऱ्हाड गिरगांवांत, खोताच्या वाडींत. खोत नांवाच्या पाठारे प्रभु गृहस्थाच्या जमिनीवर वसलेली, लांकडी जिने, रंगीत कठडे आणि रस्त्यास भिडलेले ओटे असलेल्या ईस्ट इंडियन कुटुंबांच्या घरांची ही वाडी मुंबईंत प्रसिद्ध आहे. एके काळीं येथें पासष्ट घरें होतीं असें सांगतात. आज त्यांतलीं निम्मींहि उरलेलीं नाहींत. आमच्या वडिलांनीं जहाजावर नोकरी करणाऱ्या एका शेजाऱ्याकडून 'झोर्की-4' नांवाचा रशियन कॅमेरा घेतला होता, आणि रविवारीं सकाळीं ते वाडींतलीं माणसें टिपीत हिंडत. त्यांच्या पश्चात् तो कॅमेरा आम्हीं मोठ्या भक्तिभावानें त्याच्या कातडी पेटींत घालून कपाटांत ठेवला. भक्ति थोडी कमी आणि ज्ञान थोडें अधिक असतें तर बरें झालें असतें. कातडें ओल धरतें, बंद कपाट हवा कोंडतें, आणि मुंबईचा पावसाळा चार महिने आपलें काम करतो. कांहीं वर्षांनीं पेटी उघडली तों भिंगाच्या आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू पसरलेले! दुरुस्ती करणाऱ्यानें तें उघडून पुसलें. पण बुरशीनें कांचेवरचा लेपच खाल्ला होता. कॅमेरा धडधाकट, आणि डोळा मात्र गेलेला.

हें सारें तसेंच राहिलें असतें. पण दिवाळीच्या सुमारास समोरच्या आंटींचें घर विकलें गेल्याची वार्ता आली. आंटींनीं ऐंशी ओलांडली आहे. आम्ही पाळण्यांत होतों तेव्हांपासून त्या आम्हांस ओळखतात. त्या म्हणाल्या, "बाबा, माझं लग्न झालं त्या वर्षीं तुझ्या बापानं ह्या ओट्यावर माझा फोटो काढला होता. आतां जायच्या आधीं तूं एक काढ. पण त्याच कॅमेऱ्यानं." आमच्या चिरंजीवांनीं तत्परतेनें आपला मोबाइल पुढें केला. आंटींनीं त्याकडे पाहिलेंहि नाहीं. मुदत होती नाताळापर्यंतची.

तेव्हां भिंग शोधणें आलें. बोरा बाजारांतलीं दुकानें झालीं, चोरबाजार झाला. आणि आमच्यापुढें नांवांचें एक अरण्यच उभें राहिलें. एल्मार, टेसार, सुमिक्रॉन, सोनार, इंडुस्टार, ज्युपिटर! 'सोनारा'ची किंमत ऐकून घरांत असा समज झाला कीं, प्रकरण आतां दागिन्यांवर येऊन ठेपलें.

जन्म भाषा शिकविण्यांत गेल्यामुळें आम्हीं नांवांकडूनच सुरुवात केली. आपल्या शास्त्रकारांनीं शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद सांगितले आहेत. ते जर्मन भिंगांस इतके चपखल लागूं पडतील असें त्यांच्या स्वप्नांतहि आलें नसेल. अवयवांवरून अर्थ कळतो तो शब्द यौगिक. झाइस कंपनीचें 1902 सालचें 'टेसार' हें तसें आहे: ग्रीक भाषेंत त्याचें मूळ 'चार', आणि भिंगांतल्या कांचाहि चार. लायका कॅमेरा 1925 सालीं बाजारांत आला. त्याच्या आरंभींच्या 'एल्मॅक्स' ह्या भिंगांत मालक एर्न्स्ट लाइट्स आणि रचनाकार माक्स बेरेक ह्या दोघांचीं आद्याक्षरें गुंफलेलीं होतीं. पुढें एल्मॅक्सच्या जागीं 'एल्मार' आलें. ज्याची फोड करून कांहीं हातीं लागत नाहीं तो शब्द रूढ. त्याच बेरेकचें 'हेक्टर' भिंग पाहा. तें त्याच्या कुत्र्याचें नांव म्हणे! राहिला योगरूढ, म्हणजे 'पंकज'. चिखलांत पुष्कळ कांहीं उपजतें, पण नांव लाभलें कमळास. 'सोनार' ह्या शब्दांत सूर्य ह्या अर्थाचा जर्मन शब्द आहे; पण सूर्यप्रकाश तर प्रत्येकच भिंग घेतें. तें नांव रूढ झालें लुडविग बेर्टेले ह्यानें कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठीं केलेल्या रचनेस.

लाइट्स कंपनीनें पुढें नांवांतच भिंगाचें छिद्र किती मोठें उघडतें हें सांगण्याची सोय केली. एल्मारित म्हणजे 2.8, सुमिक्रॉन म्हणजे 2, सुमिलक्स म्हणजे 1.4. आंकडा लहान तितकें छिद्र मोठें; 2 वरून 1.4 वर गेलें कीं प्रकाश दुप्पट, आणि किंमत बहुधा त्याहून अधिक पटींनीं.

ह्या अरण्यांत एक ओळखीचा आवाजहि कानीं आला. 1934 सालीं जपानांत एक कॅमेरा योजिला गेला. त्याचें नांव 'क्वानोन' आणि भिंगाचें नांव 'काश्यप'! क्वानोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, आणि काश्यप हा बुद्धाचा शिष्य. त्या क्वानोनचेंच पुढें 'कॅनन' झालें. अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत आम्हीं अनेकदां पाहिला आहे. सर्व दिशांस पाहणाऱ्या त्या करुणामूर्तीचें नांव कॅमेऱ्यास द्यावें, ही कल्पना ज्या कोणाची असेल त्यास आमचा नमस्कार.

वडिलांचें भिंग होतें 'ज्युपिटर-8'. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनीं सोनारची रचना उचलून तें घडविलें. म्हणजे सूर्याचाच गुरु झाला. त्याच्या कडेवर कोरलेलें: 50 आणि 2. व्युत्पत्तीचा सोस पुरा झाल्यावर आम्हांस कळलें कीं, नांव कुळ सांगतें, पण घेणाऱ्याचें काम ह्या दोन आंकड्यांशीं असतें.

आमचें मन मात्र 35 मिलिमीटरच्या भिंगावर गेलें होतें. घर पाडलें जाणार, तर सबंध घरच टिपावें! हिशेब सोपा आहे. फिल्मची चौकट 36 मिलिमीटर रुंद. सहा मीटर रुंदीचें घर तींत बसविण्यास 50 च्या भिंगानें सवाआठ मीटर मागें जावें लागतें, 35 च्या भिंगानें पावणेसहा. आमच्या गल्लींत सवाआठ मीटर मागें गेलें तर आम्ही आमच्याच स्वयंपाकघरांत पोंचूं. शिवाय झोर्कीच्या दर्शकांत 50 चेंच दृश्य दिसतें. 35 साठीं वर निराळा दर्शक बसवावा लागतो. तरीहि आम्ही तयार होतों.

सहज आंटींस विचारलें. त्या हंसल्या. "घराचे फोटो तर रोज कोण ना कोण काढून नेतात. मला कोणी विचारतं का? मी बसतें ती खुर्ची, दार, आणि मी. एवढंच."

दोन मीटरांवरून 50 चें भिंग सुमारें दीड मीटर रुंदीचें दृश्य घेतें. खुर्ची, दार आणि एक वृद्धा त्यांत नेमकी मावते. ओट्यावर सावली असते, म्हणून छिद्र 2 चें हवें, 3.5 च्या मानानें प्रकाश तिप्पट. 1.4 चें घ्यावें तर ओझें वाढतें, आणि नेमक्या अंतराची पट्टी इतकी अरुंद होते कीं आमच्यासारख्या नवशिक्याच्या हातून डोळ्यांऐवजीं कानच स्पष्ट यावयाचे. सारी मीमांसा करून आम्ही जेथें आलों, तेथें वडील साठ वर्षांपूर्वीं उभे होते.

शेवटीं एक दुसरें ज्युपिटर-8 मिळालें. घेण्यापूर्वीं मागून विजेरीचा झोत टाकून आंतील बुरशी पाहिली, छिद्राच्या पात्यांवर तेल नाहीं ना तें पाहिलें, आणि दाराच्या उंबऱ्यावर वर्तमानपत्र तिरपें ठेवून, ज्या ओळीवर नेम धरला तीच ओळ फिल्मवर स्पष्ट येते कीं नाहीं, ह्याची परीक्षा केली. पहिल्या भिंगानें शिकविलेलें एवढें तरी उपयोगीं पडावें!

डिसेंबरच्या एका सकाळीं आंटी ओट्यावर बसल्या. ह्या जातीच्या कॅमेऱ्यांत मधल्या ठिपक्यांत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंग फिरवीत गेलें कीं त्या जवळ येतात, आणि एकमेकींवर बसल्या कीं अंतर साधलें. एक आंटी स्थिर होत्या, दुसरी फिकट प्रतिमा हळूहळू त्यांच्याकडे सरकत होती. वडिलांनीं त्यांस नववधू म्हणून अशाच दोहोंच्या एक केल्या असतील, हा विचार मनांत आला आणि कळ दाबण्यास आम्हांस अंमळ उशीर झाला.

नाताळाच्या आदल्या दिवशीं फोटो नेऊन दिला. आंटींनीं तो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि उलटा करून आमच्यापुढें धरला. मग ट्रंकेंतून जुना फोटो काढला. त्याच्या पाठीवर वडिलांच्या अक्षरांत तारीख लिहिलेली होती.

"तूंहि लिही," त्या म्हणाल्या.

आम्हीं लिहिली. अक्षर बापासारखेंच आहे, असें त्यांचें मत पडलें. भिंगाविषयीं त्यांनीं कांहींच विचारलें नाहीं. तें आतां कातडी पेटींत नाहीं. सिलिकाजेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यांत आहे, आणि दर रविवारीं बाहेर निघतें.