आधी कोण?

रांग आपल्याला नवी नाही. रेशनला रांग, टँकरला रांग, ठेकेदाराच्या दारात पगाराला रांग. आपल्या आज्यापणज्यांना तर रांगेतही जागा नव्हती. पाणवठ्यापासून लांब उभं राहायचं आणि कुणी वरून ओंजळीत ओतेल म्हणून वाट बघायची. म्हणून दवाखान्यात चार तास बसवलं तरी आपला माणूस कुरकुरत नाही. बसतो. मला लिहायचंय ते या बसण्याविषयी.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात साईडर आहे. शाळा नववीत सुटली, पुढचं विहारातल्या पुस्तकांच्या कपाटानं शिकवलं. माझं काम एवढंच की साच्यावर धागा तुटला की धावायचं आणि जोडायचं. शेकडो चात्या फिरत असतात, त्यातली कुठली तुटली ते नजरेनं हेरायचं. ती आधी, बाकीच्या मागनं. दोन मिनिटं उशीर झाला तर जॉबर आयमाय काढतो. सुताच्या धाग्याला गिरणीत एवढी किंमत आहे.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री तिसऱ्या पाळीला निघायच्या बेतात होतो. आय म्हणाली, "छातीवर पाटा ठेवल्यागत होतंय रं." लुगडं घामानं भिजलेलं. रिक्षानं सरकारी दवाखान्यात नेलं. पोचलो तेव्हा साडेनऊ. तातडीच्या विभागात एक शिकाऊ डॉक्टर, एक सिस्टर, पाच कॉट, आणि बाकड्यांवर, फरशीवर तीसेक माणसं. सिस्टर म्हणाली, "बसा, नंबर आला की बोलावते."

तीन वेळा जाऊन सांगितलं. तीन वेळा तेच उत्तर. आयनं माझा हात धरला. म्हणाली, "गप बस, चिडतील ती माणसं." तेवढ्यात मोटारसायकलवरून पडलेलं एक पोरगं आलं. गुडघा सोललेला. पण संगं दहा जण, आणि एकाच्या हातात चालू फोन. तो फोन त्यानं नेऊन डॉक्टरच्या कानाला लावला. पोरगं आत गेलं. आय बाकड्यावरच.

पावणेअकराला फरशी पुसणारी मावशी आली. ठेक्यावर आहे, आपल्याच वस्तीत दोन गल्ल्या पलीकडं राहते. तिनं आयच्या कपाळाला हात लावला, ओठ बघितले, पोछा तिथंच टाकला आणि आत जाऊन ओरडली, "डॉक्टर, ही बाई आधी बघा. असला घाम मी बघितलाय." डॉक्टर आला. छातीची पट्टी काढली आणि ती बघून तो पोरगा पळत सुटला. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. आय वाचली. पुढं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा एक भाग मेला, लवकर कळतं तर जास्त वाचला असता. आता ती चार पायऱ्या चढली की बसते.

मित्रांनो, त्या रात्री त्या विभागात कुणाला आधी बघायचं हे ठरवण्याचं काम एकाच माणसानं केलं. त्या माणसाच्या हातात पोछा होता.

नंतर मी यावर मिळेल ते वाचलं. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाची पट्टी तो दारात आल्यापासून १० मिनिटांत निघाली पाहिजे, असा डॉक्टरांचाच नियम आहे. बायांना, साखरेच्या आजाऱ्यांना कधी कधी छातीत दुखतही नाही. नुसता घाम, मळमळ, दम. म्हणजे जो ओरडत नाही त्याच्याकडं आधी बघायला शिकावं लागतं. या निवडीला ट्रायाज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. नेपोलियनच्या फौजेत लारे नावाचा सर्जन होता. त्यानं रणांगणावर ठरवलं की ज्याची जखम मोठी त्याला आधी उचलायचं, मग तो शिपाई असो की सरदार. हुद्दा बघायचा नाही. दोनशे वर्षं झाली या गोष्टीला. आमच्या इथं अजून हुद्दाच बघतात. फक्त तो खांद्यावर नसतो, फोनमध्ये असतो.

म्हणून थांबावं लागतं याची माझी तक्रार नाही. ज्याला ताप आहे तो थांबेल, ज्याचं हृदय बंद पडतंय तो आत जाईल. असं थांबणं मी आनंदानं थांबेन. त्या शिकाऊ डॉक्टरवरही माझा राग नाही. तो सकाळपासून उभा होता, डोळे तांबारलेले. तीस माणसांमागं एक पोरगा ठेवणारे वेगळेच आहेत, आणि ते रात्री साडेनऊला तिथं येत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार फुकट झाले. चांगलं झालं. पण खिडकीवरचे पैसे गेले म्हणून खिडकीमागं माणूस आला असं होत नाही.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त एक हकिकत आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य मास्तरची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत शिरायला तयार नव्हता. शेवटी आला, पण बाईला हात लावला नाही. थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्यानं मास्तरला दिला, मास्तरनं बायकोला. बाई मेली. मास्तरचं ते पत्र १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. तेव्हा विटाळ होता म्हणून हात लागला नाही. आज कुणी विटाळ म्हणत नाही. आज म्हणतात, नंबर येऊ दे. बाईपर्यंत हात उशिराच पोचतो.

आता कायद्याचं बघा. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जखमी माणसाला आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर. १९९२ साली बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला परत पाठवलं. १९९६ साली निकाल लागला. सरकारी दवाखान्यात वेळेवर उपचार न मिळणं हा संविधानाच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. त्याला २५,००० रुपये भरपाई मिळाली. हा खटला कुणी बड्या वकिलानं हौसेनं उभा केला नव्हता. त्याच्याबरोबर लढली ती खेतमजुरांची संघटना. तो तिचा सभासद होता. हे ध्यानात धरा.

कविता मी लिहीनच. पण कवितेनं पट्टी निघत नाही. म्हणून आमच्या मंडळातल्या सहा पोरांनी काम वाटून घेतलंय. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आम्ही विचारलंय: तातडीच्या विभागात मंजूर पदं किती, भरलेली किती, रात्री ड्युटीवर कोण? दुसरं, केसपेपरवर येण्याची वेळ आणि डॉक्टरनं बघितल्याची वेळ, दोन्ही लिहून घ्यायच्या. लिहिलेली वेळ पुरावा असतो, सोसलेली नसतो. तिसरं, दारातच एक शिकलेली सिस्टर बसवा, ती आल्याआल्या नाडी, दाब, श्वास बघेल आणि आधी कोण ते ठरवेल, ही लेखी मागणी. चौथं, ठेक्यावरच्या मावश्यांना या मागणीत बरोबर घ्यायचं. त्या दवाखान्याला आतून ओळखतात, आणि उद्या त्यांना कामावरून काढलं तर आपण दारात उभं राहायचं.

तुमच्या गावच्या दवाखान्यात एक रात्र वही घेऊन बसा. कोण कधी आलं, कोण कधी आत गेलं, कुणाच्या फोनवर गेलं, सगळं लिहा. पुढच्या अंकाला पाठवा. वह्या जमल्या की मोर्चा काढू.

जय भीम.